साखर जाळायला निघालेले सर

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी अहेरीच्या आमच्या वसतिगृहाच्या गृहपाल सरांचं नाव घेतो. माझ्या आईवडिलांनाही हे मान्य आहे. माझा बा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमी फक्त जन्म देल्ला. याले कॉलेजात सरच्या सायकलनं नेलं." सरांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही आणि आम्हीही ते कधी उच्चारलं नाही. आमच्यासाठी ते फक्त सर होते. त्यांच्या माघारी मात्र आम्ही त्यांना 'शुगर एक्सप्रेस' म्हणायचो.

सर बुटके आणि आडवे होते. मान जवळजवळ नव्हतीच. त्यांच्याकडे एक काळी, उंच दांड्याची सायकल होती. तिच्यावर ते एका झटक्यात कधी बसू शकले नाहीत. वसतिगृहाच्या ओट्याला सायकल टेकवायची, ओट्यावर उभं राहायचं, मग टांग टाकायची, अशी त्यांची रीत होती. परगावी ओटा मिळाला नाही तर ते दगड शोधत. अहेरीच्या आसपासच्या रस्त्यांवर कुठे कुठे बरे दगड आहेत, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांना साखरेचा आजार होता. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. सरांनी ते ऐकलं नाही. "चालणं म्हणजे ज्याच्यापाशी सायकल नाई त्याचं काम," असं ते म्हणत. त्यांनी स्वतःच ठरवलं की दर रविवारी लांबवर सायकल चालवायची आणि आठवड्याची साखर एकदम जाळून टाकायची. रविवारी सकाळची हजेरी झाली की ते डोक्याला टॉवेल गुंडाळत, कॅरिअरला पंप बांधत आणि निघत. नाक्यावरचा पोलीस दर वेळी विचारायचा, "सर, कुठी?"

"साखर जाळाले."

"थोडी आमच्यासाठी ठेवजा."

निघण्यापूर्वी ते दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघत. मग त्याच अंगठ्याने स्वतःचं पोट दाबत आणि म्हणत, "इथी हवा जास्त, तिथी कमी." हा विनोद त्यांनी किती वर्षं केला ते देवाला ठाऊक. आम्ही मात्र दर वेळी हसायचो, कारण हसलं की ते खूश व्हायचे आणि भाजीत तेल जरा बरं पडायचं.

दमलो असं त्यांनी आयुष्यात कबूल केलं नाही. आलापल्लीच्या वाटेवर चढ लागला की ते उतरत आणि सायकल ढकलत चालू लागत. कोणी विचारलं तर म्हणत, "सायकलले आराम देऊन राह्यलो." छाती भात्यासारखी वरखाली होत असायची, टॉवेल पिळून काढावा इतका ओला असायचा, पण दमलेली असायची ती सायकल. कधी ते मधेच थांबून मनगटावर दोन बोटं ठेवत आणि घड्याळाकडे बघत. ते घड्याळ बंद होतं. आमच्यातल्या एकाने हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "नाडी चालू हाये ना? मंग घड्याळ कशाले पाह्यजे?"

स्वतःचं वजन ते राइस मिलच्या मोठ्या काट्यावर करत. मिलवाला ओरडून आकडा सांगायचा नाही. तो पोत्यांच्या हिशोबात म्हणायचा, "सर, दोन कट्टे आन वरून कोंडा." सर गंभीरपणे मान हलवत आणि पुढच्या रविवारी आणखी लांब जात.

वसतिगृहात तर त्यांनी साखरेशी वैरच धरलं होतं. आमच्या चहातली साखर अर्धी केली. कोणाच्या घरून लाडू आले की ते जप्त होत आणि त्यांच्या बदल्यात खारी वाटली जाई. सकाळी अंगणात उभं राहून ते आमच्या देखत कारल्याचा रस पीत. घोट घेताना तोंड वाकडं होई, डोळ्यांत पाणी येई, आणि गिलास खाली ठेवून ते म्हणत, "अमृत." मग आम्हाला एका ओळीत उभं करून ते पोटऱ्या तपासत. "माणसाची पोटरी पाहाव, मंग त्याचं तोंड पाहाव," हे त्यांचं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेल्या साहेबांच्या पोटऱ्या कशा असतील, हा विचार माझ्या मनात आला होता आणि भीती गेली होती.

इतकं करून सोमवारी सर रुग्णालयात रक्त तपासायला जात आणि साखर वाढलेली निघे. रविवार चुकला, पावसाने रस्ता बंद असला, तर मात्र ती जरा उतरलेली असे. डॉक्टर चक्रावून गेले होते. सर रात्री लपून काहीतरी गोड खातात असं त्यांना वाटे. कंपाउंडर त्यांना तोंडावर म्हणायचा, "सर, तुमी साखर जाळता का पेरता?"

सर हसायचे.

मला याचं उत्तर दहावीत असताना मिळालं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो आणि परत आलोच नाही. आमचं गाव एटापल्लीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. बाच्या कमरेत उसण भरली होती, तो बाजेवर पडून होता. कापलेलं धान अजून बांधीत, शेतातच पडून होतं. बा म्हणाला, "झालं तेवढं शिक्षण लय झालं." मलाही ते पटलं होतं. आमच्या घरात नववी पास झालेला मीच पहिला होतो. त्याच्या पुढे काय असतं हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

एका रविवारी भर दुपारी सर आमच्या अंगणात आले. सायकल त्यांनी कुडाला टेकवली नाही, ती हातातून सुटून पडलीच. चेहरा राखेसारखा झाला होता. बाजूच्या खाटेवर बसून ते कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिले. बाच्याकडे बघून त्यांनी 'जयभीम' म्हणायचा प्रयत्न केला, पण हात तेवढा वर गेला, आवाज आला नाही. माय घाबरली. तिने पाणी दिलं आणि मागच्या दाराने शेजारी जाऊन वाटीभर साखर मागून आणली. आमच्याकडे पाहुण्याला किती मान द्यायचा ते चहातल्या साखरेवरून ठरतं. सर म्हणजे मोठा पाहुणा. मायने ती सगळी वाटी चहात टाकली.

मी दारात उभा होतो. वसतिगृहातला साखरेचा डबा कुलपात ठेवणारा माणूस आता मायला काय म्हणतो, याची मला धास्ती वाटत होती. सरांनी कप उचलला, बशीत ओतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

"अजून देऊ का सर?" मायने विचारलं.

"द्या ना बाई. चांगला झाला."

दुसरा कप संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि बाच्याकडे वळून बसले. "भाऊ, मी मागणी घालाले आलो."

बा कण्हत उठून बसला. "सर, आमच्या घरी पोरगी नाई."

"पोरगाच पाह्यजे."

"कोणासाठी?"

"दहावीसाठी."

बाला हसावं की रडावं कळेना. "आन धान कोण आणन घरी?"

"धान घरी येतपर्यंत शुक्रवारी संध्याकाळी सोडतो याले. रविवारी हजेरीले दिसला पाह्यजे."

"आन नाई आला तं?"

"तं मी पुन्हा येतो. बाईच्या हातचा चहा प्याले."

माय पदराआड हसली. बाने एकदा माझ्याकडे, एकदा पडलेल्या सायकलकडे पाहिलं. मग म्हणाला, "घेऊन जा बाप्पा. तुमी असे आले तं नाई कसं म्हणू?"

परत जाताना सायकल मी चालवली आणि सर कॅरिअरवर बसले. माझ्या मांड्या पेटल्यासारख्या झाल्या होत्या. चढावर ते उतरले. वाटेतल्या प्रत्येक हातपंपावर त्यांनी थांबायला लावलं आणि ते ओंजळीने पाणी प्यायले. त्यांची जीभ कोरडी पडून शब्द चिकटत होते. मी धीर करून विचारलं, "सर, तुमाले तं साखर बंद हाये ना? चहा काऊन घेतला?"

पंपाच्या दांड्याला धरून ते उभे होते. म्हणाले, "अबे, पोरगी मागाले गेलेला माणूस चहा नाई प्याला तं काय समजते लोक? की याले सोयरीक नाई करायची. ज्याच्या घरचा चहा नाकारला त्याच्या पोराले कोणत्या तोंडानं मागू?" मग दम घेऊन म्हणाले, "हे वसतिगृहात सांगायचं नाई. तिथी मी साखर जाळाले जातो."

मी सांगितलं नाही. पुढे चंद्रपूरला कॉलेजात असताना आमच्या वसतिगृहाची जुनी मुलं एका खोलीवर जमली होती. बोलता बोलता एकाने आपल्या घरची गोष्ट सांगितली, मग दुसऱ्याने सांगितली. प्रत्येकाला वाटत होतं की सर फक्त त्याच्याच घरी आले होते. एकाच्या गोंड आजोबांना सरांनी जोहार घातला होता आणि गुळाचा चहा पिऊन मोहाचे लाडू खाल्ले होते. सिरोंचाकडच्या मुलाच्या आईने पायसम, म्हणजे तिकडची खीर, केलं होतं, सरांनी ते ताट पुसून खाल्लं. मग आमच्यात पैज लागली की कोणाच्या आईने जास्त साखर घातली. मी वाटीभर सांगितली आणि जिंकलो. आम्ही पोट धरून हसलो. त्या खोलीत शास्त्र शिकणारी मुलं होती, माझ्यासह. आजारी माणसाच्या रक्तात ती साखर काय करते, हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही त्या दिवशी आम्हाला ती गोष्ट फक्त गमतीची वाटली.

सर निवृत्त झाले तरी अहेरीतच राहिले. नव्या गृहपालांना सायकलची सवय नव्हती. त्यामुळे एखादं पोरगं परत आलं नाही की स्वयंपाकीण सरांच्या घरी निरोप पाठवायची, आणि सर ओटा शोधून सायकलवर चढायचे. मी तोवर नाशिकला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात लागलो होतो. दिवाळीला गावी जाताना त्यांच्याकडे उतरायचो. दर वर्षी ते थोडे बारीक दिसायचे. ते म्हणायचे, "पाह्यलं? जळून राह्यली." ते बारीक होणं चांगलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

या हिवाळ्यात त्यांच्या सायकलच्या पायडलचं रबर निघून गेलं. लोखंडी दांडी चपलेतून पायाला घासत राहिली. पायाची जाणीव साखरेने आधीच नेली होती, म्हणून त्यांना काही कळलं नाही. उंबऱ्यावर रक्त पाहून बाईंनी त्यांना विचारलं. बाई म्हणजे सरांच्या पत्नी, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. सर म्हणाले, "सायकलले लागलं असन."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं काढावी लागतील, लगेच. मी फोनवर खूप विनवलं. सर म्हणाले, "नववीतला एक पोरगा राह्यला हाये. त्याले आणतो, मंग बोटं घेऊन जा म्हणा त्याइले." आणि ते पाय बांधून निघाले. त्या पोराच्या गावापर्यंत ते पोचले नाहीत. संध्याकाळी एका काळी-पिवळी जीपवाल्याने त्यांना आणून घरी सोडलं. ते मागच्या सीटवर तापाने फणफणत होते आणि सायकल टपावर बांधलेली होती. चंद्रपूरला नेईपर्यंत गोष्ट बोटांवर थांबणारी राहिली नव्हती. गुडघ्याखालून पाय काढला.

मी पोचलो तेव्हा ऑपरेशन झालेलं होतं. बाई दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि न राहवून बोलून गेलो, "बाई, सर गावोगावी चहा प्यायचे, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"होतं ना," त्या म्हणाल्या. "पह्यल्यापासून माहीत होतं. घरी कारलं आन गावोगावी साखर. सोमवारी रिपोर्ट पाह्यला की मले समजे, काल कोण्या घरचं पोरगं परत आलं."

"मग तुम्ही थांबवलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "थांबवलं असतं तं तू आज इथी बसला असता का?" मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर केलं का मी? सांग ना. तू शिकलेला हाय."

आमच्यापैकी एकेका घराने सरांना मान दिला आणि त्या मानाने त्यांचा पाय गेला. यात चूक कोणाची म्हणायची? मायला मी हे सांगितलेलं नाही. सरांचा पाय कशाने गेला असं तिने विचारलं तेव्हा मी पायडल म्हटलं.

घरी आल्यापासून सर बोलेनासे झाले. इन्सुलिनची सुई दिसली की तोंड भिंतीकडे करतात. कृत्रिम पायाचं माप द्यायला दवाखान्याने बोलावलं, तर "आता कशाले" एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी बाईंना स्पष्ट सांगितलं आहे की हे असंच चाललं तर दुसरा पाय आणि मग माणूसही जाईल. बाईंचा मला फोन आला. "फोन कानाले लावला तं बाजूले ठेवते. तू पत्र लिही. मास्तर माणूस हाये, कागद हातात देल्ला तं वाचन."

ते पत्र पाठवण्यापूर्वी मी रजा घेऊन एक काम करून आलो. ते काय, हे पत्रातच आहे. पत्र मी असं लिहिलं:

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

नववीतल्या त्या मुलाच्या घरी मी मागच्या रविवारी जाऊन आलो. गावापर्यंत आता गाडी जाते, म्हणून मी गाडीने गेलो. मी बसलो, चहा प्यायलो, नीट बोललो. मी कोण, कुठे शिकलो, काय काम करतो, सगळं सांगितलं. शिकून काय होतं तेही सांगितलं. मुलाचे वडील सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुमी बाबू लोक गाडीनं येता आन जाता. ते सायकलवाले सर येणार होते. ते आले तं पाठवतो." मी त्यांना तुमच्या पायाचं सांगितलं. तरी बोललेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे रचून सांगत नाही. बाईंकडे त्या मुलाच्या शेजाऱ्याचा फोन नंबर देऊन ठेवला आहे, तुम्ही स्वतः विचारा.

सर, मला तुमच्यासारखं मागता येत नाही. मी खूप समजावून सांगतो. तुम्ही समजावत नव्हता, मला आठवतं.

पायाच्या मापासाठी सोमवारी चंद्रपूरला बोलावलं आहे. मी रविवारी अहेरीला येतो, गाडी सांगून ठेवली आहे. तिथून परत आलो की आपण त्या गावी जाऊ. तुम्हाला अंगणापर्यंत मी नेईन. चहा आला की तुमचाही मीच पिईन, आणि का पितो ते तुमच्यादेखत मुलाच्या आईला सांगेन. त्यांना वाईट वाटलं तर वाटू द्या. पुढे बोलायचं तुम्ही.

तोवर रोज सुई घ्या. साखर अशी चढलेली राहिली तर जखम भरणार नाही आणि माप घेता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

मुलगा सध्या बापाबरोबर बांधीवर जातो. त्याची वह्या-पुस्तकं अजून वसतिगृहाच्या पेटीतच आहेत, स्वयंपाकीणबाईंनी ती कोणाला दिलेली नाहीत. परीक्षेला फार दिवस नाहीत, सर.

आपला विद्यार्थी